टोळीवर दिवाणी दावा, पण पोराला वकील कोण देणार?

नमस्कार मंडळी. आपल्याकडे गुंडाला तडीपार करतात हे सगळ्यांना माहितीये, पोलीस आधी नोटीस काढतात, त्याचं म्हणणं ऐकून घेतात, मग जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी त्याला हद्दीबाहेर काढता येतं. कॅलिफोर्नियात मात्र टोळ्यांसाठी वेगळी वाट काढली, शहराचा वकील सरळ दिवाणी कोर्टात जातो आणि म्हणतो, साहेब, ही टोळी म्हणजे सार्वजनिक उपद्रव आहे, मनाई हुकूम द्या. धूर, दुर्गंधी, अडवलेला रस्ता असल्या तक्रारींसाठीचा हा 1872 सालचा कायदा, तो माणसांना लावला.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत आज आपली कितीतरी मराठी मंडळी राहतात, त्याच शहरात रॉकस्प्रिंग्ज म्हणून चार ब्लॉकची, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या चार चौकांएवढी, छोटीशी वस्ती आहे. तिथे टोळीवाले लोकांच्या अंगणात बसून दारू प्यायचे, ड्रग्ज विकायचे, गोळीबार करायचे आणि पोलिसांना कुणी कळवलंच तर त्याला धमक्या, लोक पोरांना बाहेर खेळायलाही सोडत नव्हते. त्यांनी कोर्टात जायचं नाही तर कुठे जायचं? शहराने 38 जणांवर दावा लावला आणि 1997 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हुकूम उचलून धरला, त्या चार ब्लॉकमध्ये टोळीतल्या दुसऱ्या कुणाबरोबर उभं राहायचं नाही, बसायचं नाही, चालायचं नाही, गाडीतूनही फिरायचं नाही. त्याच कोर्टातल्या न्यायमूर्ती मॉस्क यांनी कडक विरोध नोंदवला, ज्यांच्यावर गुन्हा शाबित नाही त्यांचे साधे हक्क काढून घेताय म्हणून. मला त्यांचं पटतं.

कारण बघा, मामला दिवाणी, म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. पण हुकूम मोडला की कोर्टाचा अवमान, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत जेल! शिक्षा फौजदारीसारखी आणि बचाव मात्र ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच, हे कसलं हो?

कॅलिफोर्नियातल्याच ऑरेंज शहरात तर कमाल झाली. सरकारी वकिलांनी टोळीवर आणि शंभराहून जास्त माणसांवर दावा केला, त्यातली साठेक माणसं कोर्टात आली, म्हणाली आम्ही टोळीत नाही, तर सरकारने त्यांची नावंच दाव्यातून काढून टाकली. मग समोर कुणी नसताना टोळीविरुद्ध हुकूम मिळवला आणि तोच हुकूम नेऊन ह्याच लोकांच्या हातात ठेवला!! म्हणजे जे लढायला आले त्यांनाच लढू दिलं नाही. 2013 मध्ये फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील कोर्टाने हे बेकायदा ठरवलं.

लॉस एंजेलिसमध्ये असे 46 हुकूम होते, जवळपास 9000 माणसं त्यात अडकलेली, पोलीस म्हणतील तो टोळीवाला. तिथे 1987 पासून हे सुरू होतं, 2018 मध्ये न्यायाधीशांनी थांबवलं आणि 2020 मध्ये तडजोड झाली, आता हुकूम लावायच्या आधी त्या माणसाला कोर्टात उभं राहून मी टोळीत नाही हे सांगायची संधी द्यावीच लागते.