आषाढातली यादी

हडपसर. रविवारची सकाळ, साडेसात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन सतरंज्या अंथरल्यात आणि एकेका घरातून सामान खाली यायला लागलंय. तूरडाळ, फिनेलचे कॅन, खोबरेल तेल, मोठ्या माणसांच्या डायपरचे गठ्ठे. सतरंजीच्या कडेला एक शाळकरी मुलगी वही घेऊन बसलीय. आलेल्या पाकिटावरची तारीख ती मोठ्याने वाचते, वहीत टिपते आणि मगच ते पुढे सरकवते.

हे सगळं निघालंय दिवे घाटाच्या वर, सासवडच्या वाटेवरच्या एका वृद्धाश्रमात. तिथे 40 आजी-आजोबा राहतात. त्यांतले दहा जण अंथरुणाला खिळलेले.

[दिवे घाट, पाऊस]

ज्ञानोबांची पालखी याच घाटाने पंढरपूरला जाते. त्या दोन दिवसांत इथे देणाऱ्या हातांना तोटा नसतो. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या. पालखी पुढे गेली, की आश्रमाचे कोरडे महिने सुरू होतात. बाहेर पाऊस धो-धो कोसळत असतो आणि कोठीतले डबे तळ दाखवत असतात. शाळा नुकत्याच उघडलेल्या. फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट यांत घराघरांतला पगार संपलेला. अशा वेळी आश्रम कुणालाच आठवत नाही.

भाद्रपदात पितृपक्ष लागला, की आश्रमाचा फोन खाली ठेवता येत नाही. आईच्या तिथीला जेवण घालायचंय, वडिलांच्या नावाने गोडधोड द्यायचंय. एकेका दिवशी तीन-तीन घरची खीर येते. मग दिवाळीचा फराळ. आपल्या गेलेल्या माणसासाठी कुणा म्हाताऱ्या माणसाला पोटभर वाढावं, या भावनेपुढे आम्ही हात जोडतो. पण इथल्या कितीतरी जणांना शुगर आहे. समोर आलेली खीर त्यांना वाटीभर खाता येत नाही, आणि नको म्हणवतही नाही. देणारे कमी नाहीत हो. सगळ्यांच्या देण्याच्या तारखा तेवढ्या एकच आहेत.

म्हणून ही मंडळी आषाढ धरून बसलीत.

पहिल्या वर्षी त्यांनीही जमेल ते गोळा केलं होतं. छोटा हत्ती भरून कपडे नेले. त्यात चेन तुटलेल्या जीन्स होत्या, लग्नातले जरीचे घागरे होते, तारीख उलटून गेलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या होत्या. ते सामान निवडण्यात आश्रमातल्या दोन मावशींचे दोन दिवस गेले. कुणी रागावलं नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी विचारा. काय हवं ते आम्ही सांगतो."

तेव्हापासून यादी काकूंची आणि धावपळ सोसायटीची.

[यादीचा कागद, जवळून]

ही यादी वाचताना हिशेब समजून घ्यावा लागतो. खिळलेल्या माणसाला दिवसाला तीन डायपर धरले, तर दहा जणांना 30. महिन्याला 900. माणशी 50 ग्रॅम डाळ धरली, तर 40 जणांना रोज दोन किलो, महिन्याला 60. अंथरुणावर घालायचं मेणकापड. पुढून बटणं असलेले गाऊन, कारण आजींचा हात खांद्याच्या वर जात नाही. शुगर तपासायच्या पट्ट्या, त्याही आश्रमातल्या मशीनला लागणाऱ्या कंपनीच्याच. गोळ्या-औषधं मात्र यादीत नाहीत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आश्रमच घेतो.

आणि यादीत एक ओळ आहे : काठीची रबरी बुटं, 12.

काठीच्या टोकाला असतं ते बूट. वर्षभर घासून ते झिजतं, मग आतली नळी फरशीला लागते. पावसाळ्यात ओसरी ओली असते. काठी सरकते, माणूस खुब्यावर पडतो, आणि काल स्वतःच्या पायाने देवघरात जाणारे आजोबा खिळलेल्यांच्या खोलीत येतात. खर्चाच्या मानाने एवढीशी वस्तू, पण कुणाच्या तिथीला कुणी ती देत नाही. ती मागावीच लागते.

मागून, थोडं थोडं जमवून माणसं सांभाळायची रीत महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे मुष्टिफंड चालवला, तेव्हा बायका दळणातलं मूठभर धान्य रोज बाजूला काढून ठेवत आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवत. पुण्यात नव्या पेठेतला 'निवारा' 1863 पासून निराधार म्हाताऱ्यांना आसरा देतोय. अशा संस्था सणाच्या ताटावर चालत नाहीत. त्या रोजच्या मुठीवर चालतात.

सोसायटीची मंडळी रोख पैसे हातात घेत नाहीत. ज्याला पैसे द्यायचेत, तो थेट आश्रमाच्या खात्यावर पाठवतो आणि पावती आश्रमाकडूनच घेतो.

[छोटा हत्ती आश्रमाच्या फाटकातून आत येतो]

सामान उतरतं. काकू यादी घेऊन उभ्या राहतात. डाळ कोठीत, डायपर माडीवर. मुलं आजोबांच्या काठ्या मागून घेतात, जुनी बुटं ओढून काढतात, नवी ठोकून बसवतात. एक आजोबा काठी फरशीवर दोनदा आपटून पाहतात. "घट्ट बसलंय," म्हणतात आणि उठतात.

ओसरीवर जुन्या सुती लुगड्यांचा ढीग पडलाय. यादीत तेही होतं. वापरून वापरून मऊ झालेलं सुती कापड पाठीवर जखमा झालेल्या माणसाच्या अंगाला टोचत नाही. धुऊन, कढत पाण्यातून काढून त्याचे हातभर चौकोन करतात. या कामाला आश्रमातल्या आजीच बसतात. ज्यांची नजर शाबूत, त्या कात्री धरतात. बाकीच्या घड्या घालतात. सगळ्यांच्या अंगावर गाऊन. नेसवायला मावशींना वेळ पुरत नाही, म्हणून साड्या कधीच्या सुटल्या.

एक आजी ढिगातून हिरवी इरकल ओढून काढतात. काठ लाल, पदर अजून धड. शेजारच्या आजींनी कात्री पुढे केलीय. त्या कात्री बाजूला सारतात.

"ही नको कापू. ही मी नेसते."

सोसायटीतल्या एक वहिनी उठतात. भिंतीच्या आधाराने आजींना उभं करतात, आणि निऱ्या काढायला लागतात.