पेटी हलकी लागतेय

[संध्याकाळ. नाशिक, दिंडोरी रोडवरचं बाजार समितीचं आवार. कोथिंबिरीचे ढीग, लिलावाचा पुकारा.]

कोथिंबिरीचा लिलाव चालू आहे. इथे भाव किलोवर नाही, शेकड्यावर. शंभर जुड्यांचा. आता जुडी म्हणजे किती, याला कुठलंच माप नाही. पावसात भिजलेली जुडी हाताला जड लागते, मे महिन्यात तीच काडीसारखी होते. तरी फारसं कुणी भांडत नाही. व्यापारी वाकतो, एक जुडी उचलतो, देठ बघतो, परत टाकतो आणि बोली लावतो. माल समोर आहे, मग कागदावर तो कसा आहे हे लिहायचं कशाला?

पण हाच माल रात्री गाडीत चढतो आणि मुंबईच्या वाटेला लागतो. डोळ्यांआड गेला की त्याच्याबरोबर त्याचं वर्णनही जावं लागतं. काय आहे, किती आहे, कुणाचं आहे. माल सुखरूप पोहोचतो, पण वर्णन वाटेत बदलतं. असं झालं की काय होतं, ते बघायला आम्ही अंबडला गेलो.

[अंबड औद्योगिक वसाहत. मोठी कढई, झाऱ्यावर निथळणारे पोहे, तळलेल्या कांद्याचा ढीग.]

एक छोटा कारखाना. बारा-चौदा बायका, दोन कढया, एक पॅकिंग मशीन. चालवणाऱ्या ताईंनी सुरुवात घरच्या गॅसवर केली होती. आज त्यांचा पोहे चिवडा एका मोठ्या दुकान-साखळीत जातो. २०० ग्रॅमचा पुडा, पेटीत २४ पुडे.

गेल्या वर्षी तक्रार आली की पोहे चुरा होतात. ताईंनी पुड्यात वायू थोडा जास्त भरायला सांगितलं. पुडा फुगला, पोहे वाचले. पण फुगलेले पुडे त्याच पेटीत २४ मावेनात, २० बसले. पेट्या तर छापून आलेल्या, हजारांनी. फेकून देणार का? मग एका मुलीला मार्कर दिला. ‘२४’वर काट, बाजूला ‘२०’. एकाच बाजूला. चारही बाजूंना काट मारत बसायला वेळ कुणाला होता?

ताईंनी दुकानवाल्यांच्या खरेदी विभागातल्या साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप केला. निळ्या खुणाही दिसल्या. फक्त ते साहेब पंधरा दिवसांपूर्वीच दुसऱ्या विभागात गेले होते.

[मुंबई-आग्रा महामार्गालगतचं गोदाम. हमाल पेट्या उतरवतायत.]

ऑर्डर आली ५० पेट्यांची. संगणकाच्या हिशेबाने पेटीला २४, म्हणजे १,२०० पुडे. ताईंनी ५० पेट्या पाठवल्या आणि बिल केलं खऱ्याचं, १,००० पुड्यांचं. गाडी गोदामाला लागली. पहिल्या पाच-सहा पेट्या उतरवल्यावर हमाल म्हणाला, “शेठ, पेटी हलकी लागतेय.”

त्याच्या खांद्याचं बरोबर होतं. पेटीतला निव्वळ माल ४ किलो ८०० ग्रॅमवरून ४ किलोवर आला होता. पण कारकुनाच्या पडद्यावर २४ होते. मार्करची बाजू थप्पीत आत गेली होती. त्याने पेट्या मोजल्या, ५० भरल्या, पावती केली. गोदामाच्या दप्तरी १,२०० पुडे जमा झाले.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. दुकानांत पेट्या गेल्या आणि प्रत्येक पेटीत चार पुडे कमी निघाले. दुकानांनी कळवलं, हिशेब विभागाने २०० पुड्यांची तूट लावली आणि डेबिट नोट निघाली. ज्या २०० पुड्यांचे पैसे ताईंनी मागितलेच नव्हते, ते त्यांच्या बिलातून कापले गेले. सोडवायला तीन आठवडे आणि किती फोन, ते ताई आता हसत सांगतात. तेव्हा हसल्या नव्हत्या.

या गोष्टीत चोर कुणी नाही, आणि सगळ्यांत खरी माहिती होती ती हमालाच्या खांद्यावर. ती नोंदवायला मात्र कुठे रकाना नव्हता.

[टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी.]

ताईंनी आम्हाला तीन कागद दाखवले. पुडा एकच. त्यांच्या बिलात तो ‘पोहे चिवडा २०० ग्रॅ.’. शहरातल्या किराणा दुकानांना माल देणाऱ्या वितरकाच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘पो. चिव. लहान’. दुकान-साखळीच्या यादीत ‘नमकीन, तांदूळ, ०.२ किलो’. तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ला पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५वर आला. या तिन्ही ठिकाणी कुणीतरी बसून तो आकडा हाताने बदलला. ज्याचा चुकला, त्याचं बिल अडलं.

तुम्ही म्हणाल, पुड्यावर बारकोड असतो की! असतो.

[बारकोडचं जवळून दृश्य. आकडे एकेक करून उजळतात.]

पुड्यावरच्या काळ्या रेघांखाली १३ अंक असतात. २६ जून १९७४ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमचं एक पाकीट दुकानाच्या गल्ल्यावर पहिल्यांदा असं वाचलं गेलं. आपल्याकडे हे क्रमांक जीएसवन इंडिया ही संस्था देते, १९९६पासून. सुरुवात ८९०ने होते. यावर एक गैरसमज फार पक्का आहे. ८९० म्हणजे ‘भारतात बनलेलं’ नव्हे. क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठे बनला ते छापील मजकुरात वाचायचं.

तेरावा अंक मोठा गमतीचा आहे. नमुन्याला घेऊ ८९०१२३४५६७८९, हे झाले बारा. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवले की २८. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दशकाला किती कमी? शून्य. म्हणून तेरावा अंक शून्य. आता समजा कुणी टाइप करताना ४ आणि ५ची अदलाबदल केली. बेरीज होते १२८, तेरावा अंक यायला हवा २, पण छापलाय शून्य. संगणक नाही म्हणतो. मात्र शेजारच्या दोन अंकांत नेमका ५चा फरक असेल, १ आणि ६ किंवा ३ आणि ८, तर त्यांची अदलाबदल यालाही पकडता येत नाही.

इतकी हुशारी, पण ती कशासाठी? आकडा नीट टिपला का, एवढ्यासाठी. पेटीत किती पुडे आहेत, पुडा किती फुगलाय, कर किती टक्के, यातलं काहीही त्या रेघांत नसतं. ते असतं ज्याच्या त्याच्या संगणकात, ज्याने त्याने आपापल्या हाताने भरलेलं. बारकोड म्हणजे आधारचा नुसता नंबर. माणूस जाडा की बारीक, ते त्यावरून कळत नाही.

पेटीला वेगळा, १४ अंकी क्रमांक देता येतो. नियम असा, की पेटीतली संख्या बदलली की पेटीचा क्रमांकही बदलायचा. ताईंनी तो बदलला असता, तर गोदामातल्या स्कॅनरने पहिल्याच पेटीला ‘अशी वस्तू नाही’ म्हणून गाडी अडवली असती. तासभर खोळंबा झाला असता. तीन आठवड्यांपेक्षा तो तास स्वस्त पडला असता.

[दिंडोरीजवळची द्राक्षबाग. घडांवर कागद चढवलेले.]

नाशिकला हे सगळं नवीन आहे, असं वाटत असेल तर दिंडोरी-निफाडच्या बागांत जा. ज्या शेतकऱ्याची द्राक्षं युरोपला जातात, तो हे गेली जवळजवळ वीस वर्षं करतोय.

२००६ साली ‘अपेडा’ने, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन वही सुरू केली. कल्पना साधी. हंगामाच्या सुरुवातीला बागेची कृषी खात्याकडे नोंदणी किंवा नूतनीकरण, बागेला क्रमांक. फवारणी काय केली, त्याची नोंद. काढणीच्या आधी नमुना प्रयोगशाळेत; फवारलेल्या औषधांचा उर्वरित अंश मर्यादेत असेल तरच पुढे. मग पॅकहाउस, दर्जाचा अ‍ॅगमार्क, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. यातला प्रत्येक जण वेगळ्या दाराने येतो, पण वही एकच. प्रयोगशाळेने बागेचा क्रमांक नव्याने लिहायचा नाही. तो आधीच तिथे आहे. तिने फक्त आपला निकाल जोडायचा. निर्यातदाराने तोच क्रमांक पुढे न्यायचा. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात पेटी उघडल्यावर शंका आली, तर तिच्यावरच्या नोंदीवरून माघारी चालत यायचं, थेट बागेच्या बांधापर्यंत.

आणि या वहीची मर्यादाही नाशिकनेच पाहिली. २०१०चा हंगाम. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. इथे बागाईतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला ते वापरलं जात होतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. म्हणजे बागेची नोंद बरोबर, प्रयोगशाळेचा निकाल बरोबर, कागद सगळे जुळणारे आणि तरीही माल अडला. फार लोकांचं नुकसान झालं. तिकडचा तपासनीस ज्या रकान्यात बघत होता, तो रकाना आपल्या वहीत आखलेलाच नव्हता. दोघांनी एकच आकडा लिहून भागत नाही. रकाने कोणते, हेही आधी दोघांनी मिळून ठरवावं लागतं. नंतर ते नाव यादीत आलं. पण त्या वर्षी ज्यांच्या पेट्या अडल्या, त्यांना त्याचा काय उपयोग?

[पॅकहाउस. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे, भरतायत, तराजूवर प्रत्येक पनेट.]

किराणा मालाच्या जगातही हीच ‘एक वही’ आहे. २००४पासून जगभर ती चालते. बनवणारा आपल्या मालाची माहिती एका साठ्यात एकदाच भरतो: नाव, वजन, लांबी-रुंदी, पेटीतले नग, घटक. ज्या दुकानदारांना तो माल हवा, ते त्या माहितीचे वर्गणीदार होतात. बनवणाऱ्याने २४चे २० केले की बदल वर्गणीदारांकडे आपोआप जातो. समोरच्याला उत्तरही देता येतं, मिळाली, तपासतोय, स्वीकारली किंवा नाकारली. निळ्या खुणा आणि ‘स्वीकारली’ यांतला फरक ताईंना विचारा. भारतात यासाठी जीएसवन इंडियाचं डेटाकार्ट आहे.

मग सगळे ते का वापरत नाहीत? छोट्यांना वाटतं, अजून एक फॉर्म. मोठ्यांचं वेगळंच. प्रत्येक मोठ्या खरेदीदाराची स्वतःची एक्सेल शीट असते, तिचे साठ-सत्तर रकाने असतात आणि ‘आमच्याच शीटमध्ये भरा’ हा आग्रह असतो. ताईंकडे अशा चार शीट आहेत. एकीत वजन ग्रॅममध्ये, दुसरीत किलोत. एकीत पुड्याची उंची आधी, दुसरीत रुंदी. फाइलचं नाव, आम्ही स्वतः पाहिलं, ‘फायनल नवीन २ खरी’.

आणखी एक कारण आहे, ते कुणी कॅमेऱ्यासमोर बोलत नाही. गोंधळात काहींचा फायदा असतो. लासलगावला कांद्याचा ढीग बघताना कोणी त्याला गोल्टा म्हणेल, कोणी त्याहून बारीक गोल्टी. त्या एका वेलांटीत क्विंटलमागे भाव बदलतो. ती वेलांटी कुणी मिलिमीटरमध्ये पक्की केली, तर खुश होणारे असतील तसे नाराज होणारेही असतील. द्राक्षात हे जमलं, कारण समोरचा गिऱ्हाईक अडून बसला, नाहीतर माल परत. चिवड्यासाठी असं कुणी अडून बसलेलं नाही. औषधांसाठी सरकार बसलं, तेव्हा १ ऑगस्ट २०२३पासून ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड आला. त्यात औषधाचं नाव, बॅच, मुदत, परवाना क्रमांक असं सगळं.

[पुन्हा अंबड. दुपार. कढई उतरवलेली.]

ताईंच्या मार्करवाल्या पेट्या आता संपत आल्या आहेत. मोबाइलवर त्या माहितीचा अर्ज भरतायत. ‘पेटीतील नग’ या रकान्यात २० टाकतात, एकदा वाचतात, मागच्या खोलीत जाऊन एक पेटी उघडतात आणि पुडे मोजतात. वीस. मग ‘पुढे’ दाबतात.

नव्या पेट्या छापायला द्यायच्या आहेत. छापखानेवाल्याचा फोन येतो, तो स्पीकरवर आहे.

“ताई, डिझाइन तेच ना? पेटीचा नंबर तोच ठेवतो.”

“नाही भाऊ. नंबर नवा आहे.”

पलीकडे थोडी शांतता.

“बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.”