सर्वांत विशेष अक्षर दिसत नाही

मंडळी, विषय जाहीर झालाय तो स्क्रिप्टला (कमांडच्या फायलीला) दिल्या जाणाऱ्या आर्ग्युमेंटमधल्या, म्हणजे नावापुढे लिहिलेल्या माहितीतल्या, विशेष अक्षरांचा. विशेष म्हटलं की डोळ्यांपुढे डॉलर, तारांकन, बॅकस्लॅश उभे राहतात. त्यांच्याकडे वळणारच आहे, पण त्याआधी स्पेसबद्दल बोलू द्या. सगळ्यांत जास्त नुकसान तिनं केलंय, आणि ती विशेष आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

समजा फायलीचं नाव आहे 'लासलगाव कांदा'. कोट न घालता स्क्रिप्टला दिली, तर तिच्या हाती दोन आर्ग्युमेंट्स पडतात: लासलगाव वेगळं, कांदा वेगळा. यात स्क्रिप्टचा दोष काहीच नाही, कारण तुम्ही टाइप केलेली ओळ तिला दिसतच नाही. ओळ वाचतं शेल, म्हणजे लिनक्स-मॅकवर कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. ते तुकडे पाडतं, डॉलरनं सुरू होणाऱ्या व्हेरिएबलच्या (किंमत साठवणाऱ्या नावाच्या) जागी किंमत भरतं, तारांकनाच्या जागी जुळणाऱ्या फायलींची नावं भरतं, कोट काढून टाकतं आणि तयार तुकड्यांची यादी प्रोग्रामच्या स्वाधीन करतं.

असंच कोट न घालता 'मका & सोयाबीन' लिहिलंत तर मक्यापर्यंतचा भाग पार्श्वभूमीत सुरू होतो आणि शेल 'सोयाबीन' नावाची कमांड शोधू लागतं. 'द्राक्षे (निर्यात)' लिहिलंत तर कंसापाशी चूक दाखवून थांबतं, हे त्यातल्या त्यात बरं. 'प्लॉट #४' जास्त वाईट: शब्दाच्या सुरुवातीला # आला की पुढचं सगळं टिप्पणी समजून गाळलं जातं, आणि तक्रार कुठेच उमटत नाही.

मग देवनागरी नावं ठेवूच नयेत का? खुशाल ठेवा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं आणि त्यातला एकही बाइट शेलच्या खुणांशी जुळत नाही. मात्र ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे ८५ चिन्हं. काना, वेलांटी, हलन्त सगळे स्वतंत्र मोजायचे. खरी अडचण आपल्या ऱ्यामुळे होते. 'शेतकऱ्यांची यादी' एकानं ऱ, हलन्त, य असं टाइप केलं आणि दुसऱ्यानं र, हलन्त, अदृश्य जोडक, य असं, तर पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण बाइट वेगळे, म्हणून फाइल सापडत नाही. अशा वेळी नाव हातानं टाइप करू नका; पहिली दोन अक्षरं देऊन टॅब दाबा, उरलेलं नाव शेल भरतं.

आता २००१ सालचं उदाहरण, आणि ते सावकाश सांगतो. त्या नोव्हेंबरमध्ये ॲपलनं आयट्यून्स २.० हा गाण्यांचा प्रोग्राम आणला. इन्स्टॉलरमधली शेल स्क्रिप्ट जुनी प्रत पुसत होती: आरएम -आरएफ (न विचारता सगळं पुसणारी कमांड), पुढे आर्ग्युमेंटमधून आलेला डिस्कचा मार्ग, त्याला चिकटून ॲप्लिकेशन्सचा मार्ग. कोट नव्हते. आता डिस्कच्या नावात मध्ये स्पेस आहे असं धरा. मार्गाचे दोन तुकडे होतात आणि पुसायच्या यादीत दोन नावं जातात. पहिला तुकडा दुसऱ्याच एखाद्या डिस्कचं पूर्ण नाव असेल, तर ती अख्खी डिस्क पुसायला निघते! नावाच्या सुरुवातीलाच स्पेस असेल, तर पहिल्या तुकड्यात उरतो सगळ्या डिस्क जिथे जोडलेल्या असतात तो फोल्डर. लोकांचा डेटा गेला. ॲपलनं तो इन्स्टॉलर मागे घेऊन २.०.१ दिलं. कमी पडले होते ते दोन डबल कोट. माझा आग्रह यातूनच येतो: कोट हे सजावटीचे नाहीत, आणि व्हेरिएबलभोवती ते नसतील तर ती स्क्रिप्ट अपुरी समजावी.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य भाग भराभर घेतो.

सिंगल कोटात काहीच जिवंत राहत नाही, म्हणजे कुठल्याच अक्षराला विशेष अर्थ उरत नाही. डबल कोटात डॉलर, बॅकटिक (`) आणि बॅकस्लॅश जिवंत राहतात. बॅश या शेलमध्ये प्रत्यक्ष टाइप करत असाल तर उद्गारचिन्हही. सिंगल कोटात सिंगल कोट मावत नाही, म्हणून डि'सोझा हे नाव "डि'सोझा" असं द्या, किंवा 'डि'\''सोझा' असं. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून आलेले वळणदार कोट शेलला कोट वाटतच नाहीत. ते पुसून हातानं टाका.

स्क्रिप्टला मिळालेलं सगळं पुढे द्यायचं तर "$@", कोटांसकट. $* उघडं ठेवलंत तर स्पेसवर पुन्हा तुकडे पडतात, तारांकनंही पुन्हा उलगडतात. नाव - नं सुरू होत असेल तर आरएम त्याला -आरएफसारखा पर्याय समजतं. आधी -- द्या किंवा नावाच्या आधी ./ लावा. फायली शोधणाऱ्या फाइंडकडून, त्या दुसऱ्या कमांडला आर्ग्युमेंट म्हणून देणाऱ्या एक्सआर्ग्जकडे नावं पाठवताना शून्य बाइटनं वेगळी करा, कारण नावात ओळ बदलण्याचं चिन्हही असू शकतं. फायलीच्या नावात चालत नाहीत ती फक्त / आणि शून्य बाइट. दूरच्या संगणकावर कमांड चालवणारं एसएसएच आर्ग्युमेंट्स स्पेसनं जोडून पाठवतं आणि पलीकडचं शेल ती पुन्हा वाचतं, म्हणून तिथे कोटांचे दोन थर लागतात. पासवर्ड आर्ग्युमेंटमधून देऊच नका. कोट कितीही बिनचूक असले तरी चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या पीएसच्या यादीत तो इतरांना दिसू शकतो.

विंडोजचा हिशेब वेगळा आहे. तिथे प्रोग्रामला अख्खी ओळ मिळते आणि तो स्वतःच ती तोडतो. विंडोजच्या सीएमडी या शेलला सिंगल कोट कळत नाही, & च्या आधी ^ लावायचा, बॅच फायलीत % दोनदा लिहायचा; पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या शेलमध्ये ^ ऐवजी बॅकटिक.

शंका आली तर खरी कमांड चालवण्याआधी तीच आर्ग्युमेंट्स छापणाऱ्या प्रिंटएफ कमांडला द्या आणि प्रत्येक आर्ग्युमेंट कंसात, वेगळ्या ओळीवर छापून घ्या. एक नाव दोन ओळींवर आलं, तर कोट कुठे हवा ते तिथेच दिसतं.