बेचाळीस वर्षं ताबा आहे म्हणून तुमची जमीन सरकारची होते का?

नमस्कार मंडळी. आज थेट एका खटल्यापासून सुरुवात करते.

हिमाचल प्रदेश, हमीरपूर जिल्हा. १९६७-६८ मध्ये एका बाईंची तीन हेक्टरांहून जास्त जमीन रस्त्यात गेली. नोटीस नाही, निवाडा नाही, मोबदल्याचा एक रुपया नाही. बाई विधवा, निरक्षर. शेजारच्या काही जमीनमालकांना कोर्टामुळे मोबदला मिळाल्याचं कळलं, तेव्हा २०१० मध्ये त्याही हायकोर्टात गेल्या. त्यावर सरकार काय म्हणालं, ऐका: बेचाळीस वर्षं ताबा आमच्याकडे आहे, म्हणजे प्रतिकूल ताब्याने (दुसऱ्याची जमीन बरीच वर्षं उघडपणे ताब्यात ठेवली की ती आपली होते, या नियमाने) जमीन आता आमचीच.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात थरथरले होते. ज्याने राखायचं, त्यानेच वहिवाट सांगायची?

८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने हा दावा साफ फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला. बाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या.

आता गावागावांत ऐकू येणारं एक वाक्य घ्या: 'मालमत्तेचा हक्क घटनेतून काढलाय, सरकार काहीही करू शकतं.' हे अर्धवट आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क राहिला नाही, हे खरं. पण त्याच दुरुस्तीने कलम ३००-अ आलं: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की नुसते पैसे दिले म्हणजे संपादन कायदेशीर होत नाही. आधी नोटीस हवी, तुमचं म्हणणं ऐकायला हवं, कारणं देऊन निर्णय व्हायला हवा, आणि हेतू सार्वजनिकच हवा.

म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ११ ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी पहिली अधिसूचना निघाली, तर साठ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं फाइलमध्ये येत नाही.

मोबदला कमी वाटला, तर पैसे घेतानाच 'हरकत राखून स्वीकारले' असं लिहून द्या. ते न लिहिता रक्कम उचलली, तर या कायद्यात वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जात असेल तर कायदा वेगळा, तिथे रकमेचा वाद लवादाकडे जातो. त्यामुळे नोटीस हातात आली की कोणत्या कायद्याखाली आहे, ते आधी वाचा.