लाळखुरकताची लस आणि परदेशातली बाजारपेठ

श्रोते बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आज मी म्हशीच्या मांसाच्या निर्यातीविषयी बोलणार आहे. विषय नाजूक आहे, म्हणून कायद्याची बाजू आधी स्पष्ट करतो. गाय, बैल आणि वासरू यांच्या मांसाची निर्यात आपल्या देशातून करता येत नाही, आणि महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. भारतातून परदेशी जाते ते म्हशीचे, हाडे काढलेले आणि गोठवलेले मांस. 2023-24 या वर्षात असे सुमारे 13 लाख टन मांस निर्यात झाले आणि त्यातून देशाला 31 हजार कोटी रुपयांच्या आसपास उत्पन्न मिळाले. सोलापूर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकाचा या व्यापाराशी संबंध येतो तो त्याच्या भाकड म्हशीच्या किमतीतून.

हे मांस घेणाऱ्या देशांपैकी मलेशियाचे उदाहरण घेऊ. तिथली पुष्कळशी जमीन तेलताडाच्या मळ्यांनी व्यापलेली आहे, कुरणे थोडी आहेत, आणि म्हणून आपल्या गरजेचा फार मोठा भाग तो देश बाहेरून आणतो. ईदेच्या दिवसांत तर मागणी एकदम वाढते. ऑस्ट्रेलियाचे मांस तिथे मिळते, पण ते महाग पडते, कारण ऑस्ट्रेलियात जनावर मांसासाठीच वाढवतात आणि त्याच्या संगोपनाचा सगळा खर्च मांसावरच बसतो. आपली म्हैस दुधासाठी पाळलेली असते; ज्वारीचा कडबा आणि उसाचे वाढे खाऊन पंढरपुरी म्हैस आपला बहुतेक खर्च दुधातूनच फेडते. त्यामुळे आपले मांस सामान्य ग्राहकाला परवडते. दर आवाक्यात आणण्यासाठीच इंडोनेशियानेही 2016 साली आपल्या मांसाला दार उघडले.

असे असूनही जपान, युरोपीय संघ आणि अमेरिका या चांगला दर देणाऱ्या बाजारपेठा आपल्याला बंद आहेत, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे लाळखुरकत. या रोगाने मोठे जनावर सहसा मरत नाही, पण तोंडाला आणि खुरांना फोड येतात, दूध आटते आणि जनावर कायमचे अशक्त होऊन बसते. विषाणू इतक्या वेगाने पसरतो की रोगमुक्त देश त्याच्या नुसत्या शक्यतेलाही घाबरतात, आणि त्यांची ही भीती मला रास्त वाटते. इंडोनेशिया अनेक दशके या रोगापासून मुक्त होता. 2022 मध्ये तिथे साथ आली आणि लाखो जनावरांना त्याची झळ लागली.

मग जे देश आपल्याकडून मांस घेतात, ते कशाच्या भरवशावर घेतात? उत्तर सामू या शब्दात आहे. सामू म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, इंग्रजीत पीएच; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त. माती परीक्षणाच्या अहवालात आपण सामू पाहतो, तोच इथेही मोजला जातो. कत्तलीनंतर स्नायूंत साठलेल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल होते आणि मांसाचा सामू उतरत जातो. धड 2 अंशांहून अधिक तापमानात किमान 24 तास टांगून ठेवतात आणि पाठीच्या लांब स्नायूच्या मध्यभागी मापकाची सुई खुपसून पाहतात. सामू 6 च्या खाली आला असेल तर स्नायूंतला विषाणू नष्ट झालेला असतो. हाडांतल्या मगजात आणि लसिका ग्रंथींत मात्र हे आम्ल तयार होत नाही, म्हणून दोन्ही काढून टाकावी लागतात. त्यानंतर मांस खोक्यांत भरून, उणे 18 अंशांत गोठवून, न्हावा-शेवासारख्या बंदरातून शीतकंटेनरने रवाना होते. मलेशियाचे पशुवैद्यक आणि हलाल प्रमाणपत्र देणारे तिथले अधिकारी आपल्याकडचे कारखाने स्वतः येऊन तपासतात.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. टेम्पोत कोंबून, पाण्याचा थेंबही न देता रात्रभर उभ्याने नेलेल्या म्हशीच्या स्नायूंतली साखर वाटेतच संपून जाते. मग आम्ल पुरेसे होत नाही, सामू उतरत नाही, मांस काळपट पडते आणि निर्यातीतून बाद होते. मुक्या जनावराचे हाल करणे हे पाप तर आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही ते नुकसानीचे आहे, हे वाहतूकदारांनी आणि त्यांना जनावर विकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात भाकड म्हशीला जो दर मिळतो, त्यात दुधाच्या नव्या म्हशीचा काही वाटा उभा राहतो. परिसरात साथ आली की बाजार बंद होतात आणि नड असलेल्या शेतकऱ्याला दारात येणाऱ्या दलालाच्या भावाने जनावर द्यावे लागते. हे टाळण्याचा खात्रीचा उपाय लस हाच आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाखाली ती फुकट टोचली जाते, कानात 12 अंकी बिल्ला मारला जातो आणि त्या क्रमांकावर नोंद होते. दर सहा महिन्यांनी टोचणे आवश्यक आहे, कारण प्रतिकारशक्ती त्यापुढे टिकत नाही.

लसीनंतर एखादा-दुसरा दिवस दूध घटते, हे खरे आहे, आणि तेवढ्यासाठी पुष्कळ जण पथक येताच म्हशी रानात नेऊन बांधतात. दोन दिवसांचे दूध वाचवण्याच्या नादात ते महिन्याचे दूध पणाला लावतात. म्हैस गाभण असेल आणि दिवस भरत आले असतील तर डॉक्टरांना तसे सांगा. ते विण्यानंतर लस देतील. चार महिन्यांवरच्या रेडकांनाही लस द्यायची असते. रेडा आहे म्हणून त्याला वगळू नका. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे, तेव्हा ती बर्फाच्या पेटीतून निघते आहे ना, हे पाहण्याचा आणि विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कार्तिकीच्या बाजारातून जनावर आणणार असाल, तर बिल्ल्याचा क्रमांक आणि मागच्या लसीची तारीख विचारूनच सौदा करा, आणि घरी आणल्यावर त्याला तीन आठवडे वेगळ्या दावणीला, वेगळ्या पाण्यावर बांधा.