कंट्रोल-ओ नंतरची खिडकी

(पडद्यावर कोरा टेक्स्ट एडिटर. कर्सर लुकलुकतोय. कंट्रोल आणि ओ एकत्र दाबल्याचा आवाज.)

फाइल उघडायची ही खिडकी दिवसातून कितीदा उघडते, कुणी मोजत नाही. डावीकडे फोल्डर, मधे फाइलींची यादी, खाली नावाची चौकट, कोपऱ्यात दोन बटणं: ओपन आणि कॅन्सल. दोन-चार सेकंदांचं काम. म्हणजे, फाइल सापडली तर.

बटणावर ‘ओपन’ लिहिलंय खरं, पण ही खिडकी स्वतः काहीच उघडत नाही. तुम्ही यादीतल्या एका नावावर बोट ठेवता. ती त्या फाइलचा पत्ता उचलते, कुठला ड्राइव्ह, कुठला फोल्डर, कुठलं नाव, आणि अक्षरांची ती एक ओळ एडिटरच्या, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमच्या, हातात देऊन निघून जाते. फाइल वाचणं हे एडिटरचं काम. म्हणूनच नोटपॅड या विंडोजच्या साध्या एडिटरमधून एखादा फोटो निवडला तरी खिडकी हूं की चूं करत नाही. नोटपॅड बिचारा तो फोटो अक्षरं समजून वाचायला बसतो आणि पडद्यावर नुसती गिचमिड उमटते.

(जुन्या काळ्या-पांढऱ्या पडद्याचं चित्र.)

१९८४ च्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकामध्ये ही खिडकी सिस्टिमच्या पोटातच होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती फक्त बोलवायची. तिच्यावर ‘इजेक्ट’चंही बटण असायचं, कारण हवी ती फाइल पुष्कळदा दुसऱ्याच फ्लॉपीवर असे. विंडोजवर सुरुवातीला ज्याची त्याची खिडकी वेगळी. १९९२ मध्ये विंडोज ३.१ आलं आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक खिडकी मिळाली. आज दोन निराळ्या एडिटरांत ओपन दाबल्यावर पुष्कळदा तेच ते समोर येतं, ते यामुळे.

(खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या यादीवर कॅमेरा.)

आता हा कोपरा बघा. ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’. माझा अख्खा अर्धा तास या दोन शब्दांनी खाल्लाय. एक लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या कामांची नोंदवही, होती, मी स्वतः त्या फोल्डरमध्ये ठेवलेली. एडिटरातून ओपन केलं तर फोल्डर रिकामा. दुसरा फोल्डर बघितला, डाउनलोड्स बघितलं, शेवटी रिसायकल बिनसुद्धा उपसून काढलं. फाइल जागच्या जागी होती. या कोपऱ्यातली चाळणी फक्त नावाच्या शेवटी टिंबापुढे टीएक्सटी हे शेपूट असलेल्या फाइली खाली सोडत होती आणि माझ्या फाइलचं शेपूट होतं एलओजी. ‘ऑल फाइल्स’ केलं, समोर आली. एरवी ही चाळणी उपयोगाची असेल, पण यादी रिकामी दिसली तर ‘काही फाइली दाखवत नाहीये’ एवढं तरी तिने सांगावं की नाही?

(नावाची चौकट, अगदी जवळून. बोटं टाइप करतायत.)

या खिडकीतली माझी सगळ्यात आवडती जागा मात्र ही: नाव लिहायची चौकट. बहुतेक लोक तिला हातही लावत नाहीत. माउसने फोल्डरमागून फोल्डर उघडत जातात. विंडोजमध्ये इथे तारा (*), टिंब आणि एलओजी लिहून एंटर दाबा. फाइल उघडत नाही, यादी गाळली जाते. फक्त लॉग फाइली उरतात. नुसती दोन टिंबं लिहून एंटर दाबलं, की एक फोल्डर वर. अख्खा पत्ता कॉपी करून इथे चिकटवला तर माउसची गरजच नाही. मॅकवर अशी चौकट समोर दिसत नाही, पण खिडकी उघडी असताना तिरकी रेघ दाबा, पत्ता लिहायला जागा पुढे येते. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्येही हीच तिरकी रेघ चालते.

जतन करतानाही हीच चौकट. तिथे विंडोजवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. तुम्ही नाव दिलं एक आणि फाइलीला मागून टीएक्सटीचं जादा शेपूट चिकटलं, असं कधीकधी होतं. ते टाळायला अख्खं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचं. मग खिडकी स्वतःची अक्कल चालवत नाही, लिहिलंय तसंच ठेवते.

आणि सेव्हच्या बटणाशेजारी ‘एनकोडिंग’, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कुठल्या पद्धतीने लिहायची ते. देवनागरीत लिहिणाऱ्याने इथे नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये. पूर्वी नोटपॅडमध्ये इथे आपोआप ‘एएनएसआय’ ही देवनागरी न मावणारी जुनी पद्धत असायची. त्यात मराठी मजकूर जतन करायला गेलं की एक इशारा यायचा, आपण तो न वाचता ओके म्हणायचो, आणि फाइल पुन्हा उघडली की ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. ती अक्षरं परत मिळत नाहीत. फाइलमध्ये खरोखर प्रश्नचिन्हंच लिहिली गेलेली असतात. २०१९ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटने तिथे मराठी अक्षरंही सांभाळणारं यूटीएफ-८ आणलं.

(काळा पडदा. तळाशी एकच ओळ.)

ही खिडकी लागतेच असंही नाही. १९७६ साली जन्मलेल्या ईमॅक्स या एडिटरमध्ये आजही पडद्याच्या तळाशी एक ओळ उघडते. नाव लिहा, टॅब दाबा, उरलेलं नाव तो पुरं करतो. त्या नावाची फाइलच नसेल तर? तक्रार नाही. त्याच नावाचं कोरं पान समोर. उघडणं आणि नवं सुरू करणं, दोन्हीला एकच आज्ञा.

(पुन्हा पहिली खिडकी.)

सुरुवातीला म्हटलं, ही फक्त पत्ता आणून देते. हल्ली काही ठिकाणी ती परवानगीही आणते. मॅकवर जे एडिटर सँडबॉक्समध्ये, म्हणजे कुंपणाच्या आत चालतात, त्यांना तुमच्या फाइलींना आपणहून हात लावता येत नाही. ही खिडकी तिथे एडिटरच्या हातात नसतेच. सिस्टिम ती वेगळी चालवते. तुम्ही फाइल निवडली, की तेवढ्या एका फाइलपुरतं दार उघडतं.

आणि कॅन्सल? तुम्ही दहा फोल्डर पालथे घातले असतील, जुनी पत्रं, पगाराचे हिशेब, सगळं यादीत दिसून गेलं असेल. कॅन्सल दाबलं की कुंपणातल्या त्या एडिटरला सहसा एवढंच कळतं, की काही निवडलं नाही.

(खिडकी मिटते. कर्सर तिथेच लुकलुकतोय.)