सव्वानऊची गाडी कुठून जाते?

[दृश्य: सातारा एसटी स्थानक. सकाळ. फलाटावर गर्दी, दप्तरं अडकवलेली मुलं, ध्वनिक्षेपकावरची सूचना.]

साताऱ्याहून महाबळेश्वरला जायच्या दोन वाटा. एक वाई-पाचगणीवरून, दुसरी मेढ्यावरून. फलाटावर गाडी लागली की पहिला प्रश्न तोच: कुठून जाणार? मेढ्याकडचा माणूस घाईत वाईच्या गाडीत चढला, तर त्याचा अर्धा दिवस गेला. इथली शाळकरी मुलं हा प्रश्न कंडक्टरला रोज विचारतात, खिडकीखाली उभं राहून, ओरडून.

[दृश्य: डोंगरपायथ्याची एक माध्यमिक शाळा. नववीचा वर्ग. फळ्यावर तारीख, विषय इंग्रजी.]

आज तोच प्रश्न इंग्रजीत विचारायचा आहे. मॅडम म्हणतात, "कोण विचारतं?" पन्नासच्या वर माना एकदम वहीत जातात.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे या मुलांचं इंग्रजीचं हे नववं वर्ष. 'व्हेअर' येतं, 'बस' येतं, 'गो' तर पहिलीपासून येतं. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं वहीत सुबक अक्षरात लिहिलेली आहेत. अडतं ते तोंड उघडताना.

पहिलीतलं पोर हातवारे करून इंग्रजी गाणं म्हणतं, चुकलं तरी पुन्हा म्हणतं. नववीतल्या मुलाचा आवाज फुटतोय. मुलगी उभी राहायच्या आधी ओढणी सारखी करते. मागच्या बाकावरून कुणी फिसकन हसलं, तर ते हसणं मधल्या सुट्टीतही पाठ सोडत नाही. त्यापेक्षा "येत नाही" म्हणून खाली बसणं सोपं. या वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्याला आधी या लाजेला वाट करून द्यावी लागते. व्याकरण त्यानंतर.

आणि व्याकरणाची अडचणही खरी आहे. मराठीत "ही बस मेढ्याला जाते" या वाक्यातलं 'मेढ्याला' काढून 'कुठे' ठेवलं की प्रश्न तयार. बाकीचं वाक्य जागचं हलत नाही. इंग्रजीत 'व्हेअर' उचलून पुढे न्यायचं, मधे 'डज' उभं करायचं, आणि 'डज' आलं की 'गोज'चं पुन्हा 'गो' करायचं. एका साध्या प्रश्नासाठी तीन उलाढाली. "व्हेअर धिस बस गोज?" म्हणणारं मूल निष्काळजी नसतं. ते मराठीच्या अंगाने नीट विचार करत असतं.

[दृश्य: मॅडम कार्डं वाटतात. पुढच्या बाकावरची मुलं मागे वळून बसतात.]

बाक जड आहेत, हलत नाहीत. म्हणून एका आड एक रांग मागे वळते. समोरासमोर आलेल्या दोघांच्या हातात एकेक कार्ड. दोन्हींवर एसटीचं तेच वेळापत्रक, मॅडमनी स्वतः आखलेलं. पण एकाच्या कार्डावरच्या रिकाम्या चौकटी दुसऱ्याच्या कार्डावर भरलेल्या. नियम एकच. कार्ड दाखवायचं नाही, विचारायचं.

"ए, दाखव की."

"मॅडम बघतायत. विचार."

"नाईन-फिफ्टीन बस… व्हाया?"

"मेढा."

चौकट भरली. मोडक्या वाक्यावरही काम झालं. व्हाया हा शब्द तर आता आपलाच. पाटीवर 'मार्गे' लिहिलेलं असलं तरी माणसं व्हायाच म्हणतात. पण कार्ड विचार करून बनवलं आहे. पुढच्या ओळीत सव्वानऊलाच सुटणाऱ्या दोन गाड्या आहेत. इथे तुटक शब्द पुरत नाहीत. कुठली गाडी, कुठे जाणारी, कुठे थांबणारी, सगळं विचारावं लागतं. वीसेक मिनिटांत त्या मुलाने 'डज' किती वेळा वापरलं ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. त्याचं लक्ष चौकटींवर होतं.

[दृश्य: वर्ग बाहेरून. व्हरांड्यापर्यंत येणारा गलका.]

हा प्रकार आपल्याकडे परका नाही. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत हाच धागा धरून एक मोठा प्रयोग केला. बंगळूर, मद्रास, कडलूर इथले वर्ग, भरपूर मुलं, हाताशी खडू, फळा आणि कागद. आज जगभरचे इंग्रजीचे शिक्षक त्याला बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखतात. व्याकरणाचे धडे पायरीपायरीने शिकवण्याऐवजी मुलांपुढे कामं ठेवली जायची: रेल्वेचं वेळापत्रक वाचा, नकाशावर रस्ता शोधा, तक्त्यातून हिशेब काढा. भाषा त्या कामाच्या ओघात येईल, हा विश्वास.

प्रभूंनी कामांचे तीन प्रकार मांडले. एकाजवळची माहिती दुसऱ्याजवळ नसते, तो पहिला. हातातल्या माहितीवरून तर्काने नवं काही काढायचं, तो दुसरा. स्वतःचं मत द्यायचं, तो तिसरा. त्यांचा कल दुसऱ्याकडे होता. माहिती एका शब्दात देऊन मोकळं होता येतं; तर्क करताना मूल अर्थाशी झटतं. आधी शिक्षकाने अख्ख्या वर्गासोबत तसंच एक काम मोठ्याने सोडवायचं, मग मुलांनी आपापलं. आणि गुण द्यायचे ते उत्तर बरोबर आलं का यावर. निम्म्या मुलांना निम्मं काम जमलं, तर ते काम त्या वर्गाला योग्य. मला ही मोजपट्टी फार माणुसकीची वाटते.

एका मुद्द्यावर मात्र हा वर्ग प्रभूंपासून वेगळा आहे. मुलं आपसांत बोलत बसली तर एकमेकांच्या चुका पक्क्या करतील, म्हणून त्यांनी गटकामाला फारशी जागा दिली नाही. शंका रास्त आहे. पण ज्या मुलीने नऊ वर्षांत वर्गासमोर एक इंग्रजी वाक्य उच्चारलेलं नाही, ती समोरच्या मैत्रिणीला कुजबुजत सात प्रश्न विचारते, हे आम्ही कॅमेऱ्याच्या काचेतून पाहिलं. त्यातले चार चुकलेले होते. मी ते सातही मोजतो.

[दृश्य: व्हरांडा. भिंतीवर चिकटवलेला कागद. मुलं धावताना.]

दुसरा दिवस. आज वर्ग पळतो आहे.

व्हरांड्याच्या भिंतीवर सहा ओळींचा उतारा लावला आहे. जोडीतल्या एकाने धावत जायचं, वाक्य वाचायचं, डोक्यात धरून परत यायचं आणि सांगायचं. दुसऱ्याने लिहायचं. अर्ध्या वाटेत वाक्य सांडतं, मग पुन्हा धाव. "द फार्मर… द फार्मर काय रे… सोल्ड!" सांगणाऱ्याला उच्चार स्पष्ट करावा लागतो, कारण लिहिणारा 'वेट' की 'व्हेट' म्हणून अडून बसतो, आपल्या तोंडी हे दोन्ही आवाज बरेच जवळ येतात. लिहिणारा 'ए' आणि 'द' विचारून घेतो. मराठीत नसलेले हे दोन बारके शब्द एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतात. इथे ते गळले की जोडी मागे पडते. धावून दम लागलेल्या मुलाला लाजायला सवडच नसते.

शेजारच्या वर्गाला आवाजाचा त्रास होतो, म्हणून हा खेळ शेवटच्या तासाला ठेवतात. दहावीला इंग्रजीच्या १०० पैकी ८० गुण लेखी, २० अंतर्गत मूल्यमापनाचे. वर्षभराचा वेळ त्या ८० मागे जातो. मॅडमनाही तो द्यावा लागतो. आठवड्यातले दोन तास त्या यासाठी राखतात.

[दृश्य: पुन्हा वर्ग. फळ्यावर मोठं वेळापत्रक.]

शेवटचं काम तर्काचं. महाबळेश्वरला सकाळी ११ वाजता वक्तृत्व स्पर्धा आहे, संध्याकाळी गावात परतायचं आहे. कुठली गाडी घ्याल, आणि का? आखणी करताना मराठी चालेल, सांगताना इंग्रजी. डोकी एकत्र येतात. एक गट फळ्याजवळ येऊन सांगतो: स्पर्धा लांबली तर परतीची गाडी चुकेल, कारण कार्डावर गावाकडची शेवटची गाडी साडेसहाची.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हात वर येतो. तीन दिवसांत या मुलाचा हात कॅमेऱ्यात पहिल्यांदाच दिसला.

"नो, मॅडम. वन मोअर बस कम्स. एट ओ'क्लॉक."

"व्हेअर डज इट गो?"

मुलगा थांबतो. मुक्कामी गाडी. रात्री गावात येते, देवळाजवळ उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे सहाला ती परत निघते. हे सगळं त्याला माहीत आहे. तो शब्द शोधतो. वर्ग वाट बघतो. कुणी हसत नाही.

"इट डज नॉट गो, मॅडम. इट स्लीप्स हिअर."

मॅडम खडू उचलतात आणि फळ्यावरच्या वेळापत्रकात, साडेसहाच्या खाली, आठची गाडी लिहितात.